दोनच प्रथिने, तीन स्वभाव

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचे हिस्टॉलॉजीचे जर्नल उघडले, तर पानोपानी गुलाबी आणि जांभळा हे दोनच रंग दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतेच तसे, त्याला मुले तरी काय करणार! ऊतीचा पातळ काप मुळात रंगहीन, जवळजवळ पारदर्शक असतो. काही दिसायचे तर तो हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या दोन रंगांनी रंगवावा लागतो. हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतल्या लॉगवुड झाडाच्या लाकडातून काढतात; ते पेशींच्या केंद्रकांना निळसर जांभळे करते. इओसिन प्रथिनांना गुलाबी करते. स्नायू म्हणजे प्रथिनांनी ठासून भरलेली ऊती, म्हणून स्नायूंची पाने त्या जर्नलमध्ये सर्वांत गुलाबी.

ही पाने तीन असतात, कारण स्नायूंचे प्रकार तीन. स्पॉटिंगच्या परीक्षेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा, घंटा वाजायच्या आत उत्तर लिहायचे आणि पुढच्या टेबलाकडे सरकायचे. त्यासाठी मुलांनी खुणा पाठ केलेल्या असतात. लांबलचक समांतर तंतू, त्यांवर आडवे पट्टे आणि केंद्रके कडेला ढकललेली, तर तो हाडांना जोडलेला पट्टकी स्नायू. पट्टे आहेत पण तंतूंना फाटे फुटलेत, केंद्रक मधोमध आहे आणि अधूनमधून गडद आडव्या रेघा दिसतात, तर तो हृदयाचा स्नायू. पट्टे मुळीच नाहीत, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी एकमेकींना चिकटून बसल्यात आणि प्रत्येकीत एकच केंद्रक आहे, तर तो आतडे, रक्तवाहिनी, गर्भाशय अशा ठिकाणचा अपट्टकी स्नायू. एवढ्यावर गुण मिळतात. मात्र पाठांतराच्या घाईत एक गोष्ट मागे पडते, ती म्हणजे या तिन्ही स्लाइडवर काम करणारी मुख्य प्रथिने तीच दोन आहेत, अ‍ॅक्टिन आणि मायोसिन. दंडाची बेटकुळी फुगवणारी तीच, अन्न आतड्यातून पुढे ढकलणारीही तीच. फरक आहे तो मांडणीचा आणि त्यांना हुकूम कोण देते याचा.

शाळेत आपण ऐच्छिक आणि अनैच्छिक अशी विभागणी शिकतो. ती सोपी आहे, पण मला ती फारशी पटत नाही. श्वासपटल हा शुद्ध पट्टकी स्नायू आहे, तरी झोपेत तो आपल्या इच्छेची वाट पाहत नाही. थंडीत दात वाजतात तेव्हा जबड्याचे ऐच्छिक स्नायूच काम करत असतात, आपल्याला न विचारता. अन्ननलिकेच्या वरच्या भागातला स्नायू पट्टकी आहे, पण एकदा घास गिळला की तो परत आणणे आपल्या हाती नसते. रचनेवरून केलेले पट्टकी-अपट्टकी हे भेद जास्त विश्वासाचे.

पट्टकी स्नायू आतून पाहू. शिजलेल्या मटणाचा तुकडा बोटांनी सोडवला की जो दोरा हाती येतो, त्याला आपण तंतू म्हणतो. प्रत्यक्षात ती पुष्कळ तंतूंची जुडी असते आणि तिच्याभोवती संयोजी ऊतीचे वेष्टन असते. याच वेष्टनातले कोलॅजन मंद आचेवर विरघळून जिलेटिन होते, म्हणून जून मटणाला वेळ द्यावा लागतो. खरा तंतू त्या जुडीच्या आत असतो आणि एक तंतू म्हणजे एक पेशी. तिची जाडी १० ते १०० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लांबी मात्र कित्येक सेंटिमीटर. एवढी लांब पेशी एका केंद्रकावर चालणार नाही. गर्भावस्थेत असंख्य छोट्या पेशी एकमेकींत मिसळून हा तंतू तयार होतो, म्हणून त्यात शेकडो केंद्रके असतात. ती कडेला गेलेली असतात, कारण मधली सगळी जागा कामाच्या यंत्रणेने अडवलेली असते.

ही यंत्रणा म्हणजे मायोफायब्रिल. मायक्रॉन-दोन मायक्रॉन जाडीची ही सूत्रे तंतूच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शेजारी शेजारी पसरलेली असतात. प्रत्येक सूत्र एकसारख्या कप्प्यांचे बनलेले असते, त्या कप्प्याला सार्कोमिअर म्हणतात. आरामात असताना त्याची लांबी साधारण २.२ मायक्रॉन. दोन्ही टोकांना झेड-चकती. त्या चकत्यांना धरून पातळ अ‍ॅक्टिनचे धागे आत येतात आणि मध्यभागी मायोसिनचे जाड धागे असतात. मायोसिन असते तिथे पट्टा गडद दिसतो, नुसते अ‍ॅक्टिन असते तिथे फिकट. शेजारच्या सगळ्या सूत्रांतले कप्पे काटेकोरपणे एका ओळीत येतात, म्हणून अख्ख्या तंतूवर आडवे पट्टे उमटतात. डच कापडव्यापारी लेव्हेनहुक याने स्वतः घासलेल्या भिंगांतून ते सतराव्या शतकातच पाहिले होते. १८४० मध्ये इंग्रज डॉक्टर विल्यम बोमन याने त्यांचे बारकाईने वर्णन केले.

पट्टे दिसले, पण स्नायू आखडतो म्हणजे आत नेमके काय होते, हे कळायला आणखी शंभरहून अधिक वर्षे जावी लागली. प्रथिनांचे धागे स्वतःच गोळा होतात, दुमडतात, अशी बरीच वर्षे समजूत होती. ती मोडली मे १९५४ मध्ये. 'नेचर' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध लागोपाठ छापून आले. एक केंब्रिजच्या अँड्र्यू हक्स्ली आणि रॉल्फ नीडरगर्के यांचा, दुसरा त्या वेळी अमेरिकेत एमआयटीमध्ये असलेल्या ह्यू हक्स्ली आणि जीन हॅन्सन यांचा. आडनाव एक असले तरी दोन्ही हक्स्ली एकमेकांचे कोणी नव्हेत. पहिल्या जोडीने बेडकाचा जिवंत तंतू पाहिला, दुसरीने सशाच्या स्नायूतून वेगळी काढलेली सूत्रे. उत्तर एकच आले. स्नायू आखडताना गडद पट्ट्याची रुंदी बदलत नाही. अरुंद होतो तो फिकट पट्टा. म्हणजे कोणताही धागा आखूड होत नाही, धागे फक्त एकमेकांच्या आत सरकतात. दोन्ही हातांची बोटे समोरासमोर आणून एकमेकांत सरकवून पाहा. बोटांची लांबी तीच राहते, पण दोन मनगटांमधले अंतर कमी होते.

अँड्र्यू हक्स्लीला पुढे १९६३ चे नोबेल मिळाले, पण ते मज्जातंतूंवरच्या कामासाठी. ह्यू हक्स्ली आणि जीन हॅन्सन यांना ते कधीच मिळाले नाही. शरीरविज्ञानातल्या इतक्या मूलभूत शोधाला नोबेल नसणे ही माझ्या मते त्या समितीची मोठी चूक आहे.

धागे सरकतात कसे? मायोसिनच्या प्रत्येक रेणूला डोके असते. एका जाड धाग्यात असे सुमारे ३०० रेणू असतात. डोके शेजारच्या अ‍ॅक्टिनला पकडते, मान वाकवून ओढते, सोडते आणि पुढच्या जागी पुन्हा पकडते. एका ओढीत धागा जेमतेम १० नॅनोमीटर सरकतो, म्हणजे मायक्रॉनचा शंभरावा भाग. ही चाल इतकी लहान असूनही हात उचलला जातो, कारण सार्कोमिअर एकामागे एक जोडलेले असतात. १० सेंटिमीटर लांबीच्या तंतूत ते सुमारे ४५ हजार भरतात. प्रत्येकाने अर्धाच मायक्रॉन आखडायचे म्हटले, तरी तंतू सव्वादोन सेंटिमीटरने आखूड होतो.

प्रत्येक ओढीला एटीपी या रेणूची ऊर्जा लागते. हे दाखवले अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाने. क जीवनसत्त्वावरच्या कामासाठी त्याला १९३७ चे नोबेल मिळाले होते आणि ते जीवनसत्त्व भरपूर मिळवायला त्याने आपल्या सेगेद शहराजवळ पिकणाऱ्या मिरच्या वापरल्या होत्या. दुसरे महायुद्ध चालू असताना त्याच्या प्रयोगशाळेत अ‍ॅक्टिन-मायोसिनचे धागे काचेच्या भांड्यात तयार करून त्यांवर एटीपी टाकले गेले आणि शरीराबाहेरचे ते निर्जीव धागे आखडले. स्नायूतली प्रथिने वेगळी काढून पुन्हा कामाला लावली ती तेव्हा.

हुकमाची बाब राहिली. मेंदूकडून संदेश तंतूपर्यंत येतो तेव्हा तंतूच्या आतल्या जाळीदार पिशव्यांतून कॅल्शियम बाहेर पडते. एरवी अ‍ॅक्टिनवरच्या पकडीच्या जागा ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनाने झाकलेल्या असतात. कॅल्शियम ट्रोपोनिन या दुसऱ्या प्रथिनाला चिकटते, ट्रोपोनिन ते झाकण बाजूला सारते आणि डोक्यांना पकड मिळते. ट्रोपोनिन शोधले जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी, १९६० च्या दशकात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. काम संपले की कॅल्शियम पंपाने पुन्हा पिशव्यांत भरले जाते. या पंपालाही एटीपी लागते आणि डोक्याने पकड सोडायलाही एटीपीच लागते. म्हणजे स्नायू सैल करणेही फुकट होत नाही.

मृत्यूनंतर शरीर ताठ का होते, याचे उत्तर यातच आहे. एटीपी संपते, कॅल्शियम मोकळे पडते, डोकी अ‍ॅक्टिनला धरतात आणि मग सोडायला ऊर्जाच उरत नाही. आधी जबडा, मग मान, मग हातपाय असा ताठरपणा उतरत जातो. पुढे प्रथिनेच कुजू लागतात तेव्हा तो ओसरतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे सगळे चक्र थंड देशांपेक्षा लवकर उरकते, म्हणून मृत्यूची वेळ ठरवताना शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरला हवामानही विचारात घ्यावे लागते. बाजारात हाच नियम आपल्या उपयोगाचा आहे. डोक्याकडून धरलेला बांगडा आडवा ताठ राहिला तर तो ताजा. शेपटी लोंबली तर त्याचा ताठरपणा येऊन गेलेला असण्याचीच शक्यता जास्त.

बांगडा हातात आहेच, तर तो कापूनही पाहा. फिकट मांसाच्या मधोमध, कातडीलगत एक काळसर तांबडी पट्टी दिसते. काहींना ती उग्र लागते, ते काढून टाकतात. ती घाण नव्हे, तो वेगळ्या जातीचा स्नायू आहे. बांगडा दिवसभर संथ पोहतो तो या तांबड्या पट्टीच्या जोरावर. शत्रू मागे लागल्यावर झटका मारून निसटतो तो फिकट स्नायूंच्या बळावर. तांबड्या तंतूंत मायोग्लोबिन भरपूर असते. ते प्राणवायू साठवून ठेवते आणि रंगही त्याचाच. हे तंतू सावकाश काम करतात, पण लवकर थकत नाहीत. फिकट तंतू वेगवान आणि जोरकस, पण दम कमी. दिवसभर उभी राहणारी कोंबडी तंगडीत गडद असते आणि क्वचित उडणारी म्हणून छातीत पांढरी. माणसाच्या प्रत्येक स्नायूत दोन्ही जाती मिसळलेल्या असतात. पोटरीतल्या खोलवरच्या, तासन्‌तास उभे ठेवणाऱ्या स्नायूत सावकाश तंतूंचा भरणा असतो. मटण धुताना निघणारे लाल पाणी आपण रक्त समजतो, तेही बरेचसे मायोग्लोबिनच. याच प्रथिनाची त्रिमिती रचना जॉन केंड्र्यू यांनी देवमाशाच्या स्नायूतून १९५८ मध्ये उलगडली. कोणत्याही प्रथिनाची अशी रचना कळण्याची ती पहिलीच वेळ.

सिंहगड पायी चढून उतरलेल्या नवख्या माणसाला दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. ग्रुपमधला कोणीतरी जाणकार 'लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय' असे निदान करतो. ते चूक आहे. लॅक्टिक अ‍ॅसिड तास-दीड तासात निघून जाते. दुखणे येते ते चढण्यापेक्षा उतरण्याने. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू शरीराचे वजन तोलण्यासाठी आखडू पाहतो आणि त्याच वेळी ताणलाही जातो. या ओढाताणीत सार्कोमिअर विस्कटतात. अशा स्नायूचा तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर एरवी सरळ असणाऱ्या झेड-चकत्या नागमोडी, कुठे कुठे फाटलेल्या दिसतात. मग सूज येते आणि ते दुखते. काही दिवसांत डागडुजी होते आणि पुढच्या खेपेला तोच गड कमी छळतो. डागडुजीसाठी तंतूच्या पृष्ठभागाला चिकटून राखीव पेशी बसलेल्या असतात. अलेक्झांडर मॉरो यांनी त्या १९६१ मध्ये बेडकाच्या स्नायूत पाहिल्या. व्यायामशाळेत दंड फुगतो तो मुख्यतः आहेत तेच तंतू जाड झाल्याने. तंतूंची संख्या फारशी वाढत नाही.

अपट्टकी स्नायूबद्दल पाठ्यपुस्तके दोन परिच्छेदांत आटोपतात. तो दिसायला साधा, पण औषधांच्या दुकानात बराच खप त्याच्याच भानगडींवरच्या औषधांचा. यात सार्कोमिअर नाहीत. धागे तिरकस, जाळीसारखे पसरलेले असतात आणि झेड-चकत्यांऐवजी गडद ठिपक्यांना बांधलेले असतात. ओळ नाही म्हणून पट्टे नाहीत. ट्रोपोनिनही नाही, इथे कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनामार्फत मायोसिनलाच चेतवते. हा रस्ता लांबचा, त्यामुळे स्नायू हळू आखडतो, पण आखडलेला बराच काळ अगदी थोड्या ऊर्जेत राहू शकतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना दिवसरात्र ताण धरून ठेवायचा असतो, त्यांना हेच हवे. हा ताण प्रमाणाबाहेर गेला की रक्तदाब वाढतो. घरोघरी सकाळी घेतली जाणारी अ‍ॅम्लोडिपिनची गोळी या स्नायूत शिरणारे कॅल्शियम अडवते, वाहिन्या सैल पडतात. दम्याच्या पंपातले सालब्युटामॉल श्वासनलिकांचा अपट्टकी स्नायू सैल करते. अंगावर शहारा येतो तो प्रत्येक केसाच्या मुळाशी असलेल्या अशाच चिमुकल्या स्नायूमुळे.

गर्भाशयात तर या ऊतीची कमालच दिसते. एरवी ५०-६० ग्रॅमचे गर्भाशय दिवस भरेपर्यंत किलोभर होते, आतल्या पेशी अनेक पटींनी लांब होतात. नऊ महिने हा स्नायू शांत ठेवायचा असतो. प्रसूती जवळ आली की शेजारशेजारच्या पेशींमध्ये विद्युतसंदेश वाहून नेणाऱ्या सूक्ष्म वाटा झपाट्याने वाढतात आणि सुट्या सुट्या आखडणाऱ्या पेशी एकत्र कळ देऊ लागतात.

अशाच वाटा हृदयात जन्मभर उघड्या असतात. हृदयपेशींच्या टोकांना ज्या गडद आडव्या रेघा स्लाइडवर दिसतात, ते त्यांचे सांधे. त्यात दोन पेशींना घट्ट शिवून ठेवणारे टाके असतात आणि संदेश पुढे जाऊ देणारी भोकेही. म्हणून कोट्यवधी पेशी असूनही हृदय एकदिलाने आखडते. आतली मांडणी पट्टकी स्नायूसारखी शिस्तीची, पण पेशी आखूड, फाटे फुटलेल्या, एका-दोन केंद्रकांच्या. पेशीच्या आकारमानाचा जवळपास तिसरा हिस्सा ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांनी व्यापलेला असतो, कारण दिवसाला लाखाहून अधिक ठोके द्यायचे तर सुट्टी घेऊन चालत नाही. आणखी एक सोय आहे. एका ठोक्यानंतर हृदयपेशी काही क्षण दुसरा हुकूम ऐकतच नाही. तेवढ्यात ती सैल होऊन रक्त भरून घेते. म्हणूनच पोटरीत येतो तसा गोळा हृदयाला येत नाही.

उणीव आहे ती डागडुजीची. पट्टकी स्नायूसारख्या राखीव पेशी हृदयात जवळजवळ नाहीत. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००९ मध्ये हृदयपेशी किती नव्या होतात हे एका वेगळ्याच घड्याळावरून मोजले. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला होता. तो त्या त्या वर्षी जन्मलेल्या पेशींच्या डीएनएत कायमचा नोंदला गेला. त्यावरून हृदयपेशींची वये काढली. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. आयुष्यभरात अर्ध्या पेशीही बदलत नाहीत. हृदयविकाराच्या झटक्यात जो भाग मरतो, तिथे नवा स्नायू येत नाही, व्रण राहतो.

आणि इथे एबाशींचे ट्रोपोनिन परत येते. हृदयातले ट्रोपोनिन हातापायांच्या स्नायूंतल्यापेक्षा थोडे वेगळे असते. हृदयपेशी फुटल्या की ते रक्तात गळते आणि 'ट्रॉप टेस्ट'मध्ये पकडले जाते. पण गळून रक्तात पुरेसे जमायला त्याला काही तास लागतात. छातीत दुखू लागल्यावर तासाभरात काढलेली पहिली तपासणी नॉर्मल येऊ शकते. म्हणून डॉक्टर काही तासांनी ती पुन्हा करायला सांगतात, तेव्हा 'एकदा झाली ना, उगाच खर्च' म्हणून पेशंटला घरी नेऊ नका. थांबा, दुसरा रिपोर्ट येऊ द्या.